केरवाची चार महिन्यांची गैरहजेरी

मित्रांनो, भोपाळच्या बरखेड्यातल्या एका शिकवणी केंद्राच्या मागे एक लहान खोली आहे. पूर्वी तिथे एक माणूस राहत असे. आता तिथे मोडक्या खुर्च्या, गणपतीच्या मखराचे थर्माकोल, एक फाटका कॅरम आणि मी असे आम्ही राहतो. मी एक जुना संगणक आहे. माझे नाव केरवा. नाव मी सगळ्यांत आधी सांगून टाकतो, कारण मध्यंतरी चार महिने मला ते नीट सांगता आले नाही, आणि त्यापायी एका भल्या माणसाचे वाटोळे झाले. ही गोष्ट खरे तर त्याने लिहायची. पण त्याने लिहिणे सोडले आहे.

मी कोणत्याही मोठ्या कारखान्यात जन्मलो नाही. भोपाळच्या एका लहान दुकानात एका कारागिराने वेगवेगळ्या खोक्यांतून भाग काढून मला जुळवले. पेटी एका घराण्याची, पंखा दुसऱ्याचा, पडदा तिसऱ्याचा. त्यामुळे जन्माचा एकच एक नंबर माझ्या अंगावर कुठेच नव्हता. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे ती फार नडली.

माझी उमेदीची वर्षे भोपाळजवळच्या मंडीदीपला गेली. एका कारखान्यात माल रवाना करायच्या खात्यात मी होतो. माझ्याकडून कागद निघाल्याशिवाय एकही ट्रक फाटकाबाहेर पडत नसे. पहाटेपासून ड्रायव्हर रांगेत उभे असत आणि खिडकीतून डोकावून बाबूला विचारत, "भैया, तुम्हारा डिब्बा जागा कि नहीं?" मी जागा झालो की इंजिने सुरू होत. त्या दिवसांत बाबू माझ्या डोक्यावर पाण्याचा पेलाही ठेवू देत नसे. मग नवे, सडपातळ संगणक आले. ज्या टेबलावर मी नऊ वर्षे बसलो, त्याच्याखाली मला ढकलले गेले. तिथे दीड वर्ष माझ्यावर सगळ्यांच्या चपलांची धूळ बसली.

पुढे मला दान केले. दानाच्या दिवशी माझ्या गळ्यात झेंडूचा हार घातला, फोटो काढला. फोटो होताच तो हार काढून पाहुण्यांच्या गळ्यात घातला.

मला घेणारी संस्था बरखेड्यातल्या काही मराठी कुटुंबांनी चालवलेली होती. कारखान्याच्या वसाहतीत नोकरीसाठी येऊन इथेच राहिलेले लोक. संस्थेचे मुख्य कार्यालय शहरात, आणि बरखेड्यात हे केंद्र. सकाळी मुलांना टंकलेखन शिकवत, दुपारी बायकांचा साक्षरता वर्ग भरे. आम्ही पाच संगणक होतो. साक्षरता वर्गाच्या प्रमिलाताई, निवृत्त शिक्षिका, म्हणाल्या, "एक नंबर, दोन नंबर काय म्हणता? हे काय कैदी आहेत?" त्यांनी आम्हांला इकडच्या नद्यांची नावे दिली. बेतवा, कोलार, हलाली, कलियासोत आणि मी केरवा. ही नावे आमच्या पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात इंग्रजी अक्षरांत उमटू लागली. रोज सकाळी आम्ही सुरू झालो की त्याच नावाने शहरातल्या कार्यालयात आमची हजेरी आपोआप लागे.

आता सुधाकर भोयर यांच्याविषयी सांगतो.

ते केंद्राचे शिपाई, रखवालदार आणि झाडूवाले, सगळे एकच. मूळचे उमरेडकडचे. तरुणपणी ठेकेदाराबरोबर भोपाळला आले आणि तीस वर्षे अवजड यंत्रे दोरखंडाने चढवण्या-उतरवण्याचे काम केले. पंचावन्नाव्या वर्षी गुडघे गेले, तेव्हा केंद्रावर लागले आणि मागच्या खोलीत राहू लागले. बायको आधीच वारली होती. त्यांना एकही अक्षर येत नव्हते. पगाराच्या कागदावर अंगठा उठवत. केंद्राच्या सात किल्ल्यांना त्यांनी सात रंगांचे दोरे बांधले होते. लाल सभागृहाचा, हिरवा कपाटाचा, पिवळा आमच्या खोलीचा.

एक दिवस प्रमिलाताई त्यांना म्हणाल्या, "भोयर, आत साठ साठ वर्षांच्या बायका बाराखडी गिरवतात आणि तुम्ही दाराशी बसून दोरे मोजता. आत या."

"बायांच्या वर्गात? हासतील न त्या."

"हसू द्या. त्यांनाही बिचाऱ्यांना हसायला कोणीतरी हवंच आहे."

ते गेले. शेवटच्या सतरंजीवर पाटी घेऊन बसले. बायका खरेच हसल्या. "काका, ठ काढताना जीभ काहून बाहेर काढता?" असे एकीने विचारले. "आत ठेवली तर ठ बाहेर येत नाही," असे त्यांनी गंभीरपणे सांगितले. मग बायका पुन्हा हसल्या, पण आता त्यांच्यासोबत.

आठ महिन्यांत त्यांना वाचता येऊ लागले. मग प्रमिलाताईंनी त्यांना एक वही दिली आणि सरावाचा एक नेम घालून दिला. रोज सकाळी पाचही संगणक सुरू करायचे, पडद्याच्या कोपऱ्यात जे नाव दिसेल ते वाचायचे आणि वहीत तारीख घालून लिहायचे. खाली सही. इंग्रजी अक्षरे त्यांनी अशी आमच्या नावांवरूनच शिकली. पहिल्या दिवशी पाच नावांना त्यांना पाऊण तास लागला. शेजारच्या कारखान्याचा भोंगा झाला तरी ते हलालीपाशीच होते.

मी जुना, म्हणून सुरू व्हायला सगळ्यांत जास्त वेळ घेई. तोवर ते स्टूल ओढून माझ्यासमोर बसत. नाव उमटले की एकेक अक्षर बोटाने दाखवत म्हणत, "के, ई, आर, डब्ल्यू, ए. उठला माहा केरवा." मित्रांनो, मंडीदीपला माझ्यावाचून ट्रक अडत होते, पण तिथे मला कोणी "माहा" म्हटले नव्हते.

त्यांनी एका कागदाच्या पट्टीवर 'केरवा' असे मराठीत लिहून ती माझ्या पेटीवर डकवली. किल्ल्यांचे दोरे सोडले आणि त्या जागी लिहिलेल्या चिठ्ठ्या बांधल्या. संस्थेचे सचिव विनायकराव एकदा तपासणीला आले. ते निवृत्त अभियंता, कागदावर फार विश्वास असलेले. त्यांनी ती वही पाहिली आणि म्हणाले, "भोयर, अक्षर तर माझ्यापेक्षा चांगलं आहे. आजपासून ही संस्थेची अधिकृत नोंदवही." सरावाची वही अशी सरकारी झाली. भोयरकाकांनी त्या दिवशी स्वतःच्या खिशातून सगळ्यांना पोहे-जिलेबी खाऊ घातली.

ते मला रोज ओल्या फडक्याने पुसत. पुढून, मागून, पंख्याच्या जाळीतून. बाकी चौघांना कोरड्या फडक्याने पुसत. मी म्हातारा, माझ्यावर जास्त धूळ बसते असे त्यांचे म्हणणे. संस्थेने माझ्या पाठीवर शाईने एक दान क्रमांक लिहिला होता. रोजच्या पुसण्याने तो फिका होत गेला आणि दोन वर्षांत पुरता गेला. कोणाच्या लक्षात आले नाही. एवढ्या प्रेमाने मला कोणी पुसले नव्हते, म्हणून मलाही त्याचे काही वाटले नाही.

आता जितेंद्र सरांविषयी. ते टंकलेखन शिकवत. हुशार, मुलांवर जीव टाकणारे, आणि थोडे घाईचे. परीक्षेच्या सरावासाठी त्यांनी माझ्यात एक प्रोग्राम घातला होता. तो तीस दिवस फुकट चाले, मग विकत घ्या म्हणे. जितेंद्र सरांनी मुख्य कार्यालयाला तीन अर्ज लिहिले. एकाचेही उत्तर आले नाही. परीक्षा जवळ आली. तेव्हा त्यांनी शोध लावला की तो प्रोग्राम दिवस मोजतो ते संगणकाच्या नावावरून. नाव नवे दिसले की मोजणी पहिल्यापासून.

गुढीपाडव्यानंतरच्या सोमवारी त्यांनी माझ्यात अकरा ओळींची एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. मी सुरू झालो की ती आपोआप चाले, अक्षरे आणि आकडे यांच्या ढिगातून कोणतेही सात उचले आणि ते माझे दुसऱ्या दिवशीचे नाव म्हणून ठेवून देई. मुले भोवती उभी होती. सर म्हणाले, "हौजी खेळता ना गणपतीत? पिशवीत हात घातला, जो नंबर निघाला तो. बस. पाहुण्याला तीस दिवस चहा फुकट आहे, तो हा आपला केरवा रोज नवा पाहुणा बनून जाणार."

"सर, पकडे गये तो?" एका मुलीने विचारले.

"कौन पकडेगा? डब्ब्याचं नाव वाचतं कोण?"

मुले टाळ्या पिटून हसली. त्या दिवशी माझेही कौतुक झाले. बाकी चार चांगले संगणक बिघडायला नकोत, म्हणून हा प्रयोग माझ्यावर केला होता, हे कोणी बोलले नाही.

डब्ब्याचे नाव वाचणारा माणूस तेव्हा व्हरांडा झाडत होता. जितेंद्र सरांनी ही गोष्ट मुलांना सांगितली. विनायकरावांपासून लपवली. भोयरकाकांपासून मात्र लपवलीसुद्धा नाही. शिपायाला काही सांगायचे असते हे त्यांच्या मनातच आले नाही. मित्रांनो, माझ्या मते सगळा घात इथेच झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका स्टूल ओढून माझ्यासमोर बसले. मी उठलो. कोपऱ्यात क्यू, सात, एम, एक्स, चार, बी, नऊ अशी चिन्हे उमटली. काकांचे बोट हवेतच थांबले. त्यांनी पडदा फडक्याने पुसला. चष्मा सदऱ्याला पुसला. मग उठून बेतवाकडे गेले, कोलारकडे गेले. तिकडची नावे जिथल्या तिथे होती. पुन्हा माझ्यापाशी आले आणि हळूच म्हणाले, "काहून बा? तुह्या नावाची अक्षरं कुठं गेली?"

मला बोलता येत असते तर मी तेव्हाच बोललो असतो.

त्यांनी वहीत आदल्या दिवशीची ओळ पाहिली. माझ्या पेटीवरची पट्टी पाहिली. दाराकडे पाहिले, कोणी येत तर नाही ना. मग वहीत लिहिले, 'केरवा'.

एकच चुकीचे नाव रोज दिसले असते, तर त्यांनी कोणाला तरी विचारले असते. पण माझे नाव रोज वेगळे असे. आज टी तीन, उद्या झेड आठ. ज्या माणसाने पंचावन्न वर्षे अक्षराविना काढली, त्याला संगणकावर संशय येत नाही, स्वतःवर येतो. चौथ्या दिवशी त्यांची खात्री झाली की शिकलेले आपण विसरू लागलो आहोत, आणि केरवापासून सुरुवात झाली आहे. ते डोळे तपासायला एका शिबिरात गेले. डॉक्टरांनी चष्मा बरोबर आणि डोळे उत्तम आहेत म्हणून सांगितले. चांगली बातमी ऐकून इतका खचलेला माणूस मी पाहिला नाही. डोळे चांगले, म्हणजे दोष डोक्यात.

तरी त्यांनी प्रमिलाताईंना विचारले नाही. कसे विचारणार? नव्या बायका वर्गात आल्या की ताई त्यांच्यापुढे हीच वही धरत. "हे बघा. या माणसाचा पंचावन्नाव्या वर्षापर्यंत अंगठा होता. आज रोज सकाळी वाचून लिहितात." दाराशी उभे असलेले काका त्या वेळी मान खाली घालत. बायकांना तो विनय वाटे.

चार महिने असे गेले. सकाळी मी खोटे नाव सांगे, ते खरे लिहीत, आणि दोघेही मान खाली घालत असू. आता ते स्टूलवर बसत नसत. उभ्यानेच लिहीत आणि पुढे जात. पुसणे मात्र त्यांनी एक दिवसही चुकवले नाही. जितेंद्र सरांची अकरा मुले परीक्षेत उत्तीर्ण झाली. पेढे वाटले. एक पेढा काकांनी माझ्या पेटीवर ठेवला, मग मुंग्या येतील म्हणून उचलून खाल्ला.

श्रावणातल्या एका सोमवारी विनायकराव शहरातून आले. हातात छापील यादी होती. त्यांनी काकांना माझ्यासमोर बोलावले. जितेंद्र सर आणि प्रमिलाताई तिथेच होत्या.

"भोयर, केरवा कुठे आहे?"

काका गोंधळले. "हा काय साहेब. तुमच्या समोर."

"कार्यालयाच्या हजेरीत पाडव्यापासून केरवा एक दिवसही लागलेला नाही. चार महिने. त्याऐवजी रोज एक अनोळखी यंत्र इथून जोडलं जातंय. आज आलेलं उद्या नाही. आणि तुमच्या वहीत?" त्यांनी वही उघडली. "रोज केरवा. रोज हजर. तुमच्या अक्षरात, तुमच्या सहीनिशी."

ते वाकून माझ्या पाठीमागे गेले. "याचा दान क्रमांक कुठे आहे?"

काकांनी पाठ पाहिली. पाठ स्वच्छ होती. कारखान्याचा नंबर तर माझ्यावर कधी नव्हताच.

"साहेब, ही पट्टी पाहा न. केरवा लिहिलं हाये."

"पट्टी कोणीही कोणत्याही डब्यावर चिकटवेल. जुने डबे सगळे सारखेच दिसतात. खरा केरवा तुम्ही विकलात की कोणाला दिलात? आणि बाहेरच्यांना इथे रोज यंत्रं आणू देता का? किल्ल्या तुमच्याकडेच असतात."

काका म्हणाले, "साहेब, खरं सांगतो. पाडव्यापासून मले याच्यावर दुसरंच काहीतरी दिसे. रोज येगळं. मले वाटलं, माहंच चुकते. म्हणून जुनं पाहून केरवा लिहीत गेलो."

"म्हणजे आता तुम्हांला वाचता येत नाही?" विनायकराव हसले. ते हसणे वाईट होते. "चार महिने इतकं सुंदर लिहिलंत, आणि आज निरक्षर झालात?"

प्रमिलाताई पुढे आल्या. त्यांचा आवाज दुखावलेला होता. "भोयर, असं होतं तर मला का नाही विचारलंत?"

"तुमी म्हणल्या असत्या ताई, शिकवलेलं वाया गेलं."

ताई जितेंद्र सरांकडे वळल्या. "सर, याचं नाव असं रोज बदलू शकतं का?"

मित्रांनो, त्या क्षणी माझा पंखा जोरात फिरू लागला. सगळ्यांना वाटले असेल, जुना आहे, तापला. सरांनी एकदा माझ्याकडे पाहिले. खरे सांगावे तर फुकट वापराची लबाडी उघडी पडणार, नोकरी जाणार, उत्तीर्ण मुलांवर बालंट येणार. हे सगळे त्यांच्या चेहऱ्यावर मला वाचता आले. मग ते म्हणाले, "आपोआप? आपोआप तर नाही बदलत."

त्यातला एकही शब्द खोटा नव्हता.

विनायकरावांनी यादीची घडी घातली. "संस्थेची अब्रू आहे म्हणून मी पोलिसांत जात नाही. गुरुवारपर्यंत मुदत. केरवा कुठे आहे ते सांगा. नाहीतर किल्ल्या ठेवा आणि खोली रिकामी करा."

त्या संध्याकाळी वर्ग सुटल्यावर जितेंद्र सर एकटे माझ्यासमोर बसले. मला वाटले, आता ते विनायकरावांना पत्र लिहितील. त्यांनी खरोखर लिहायला घेतले. 'आदरणीय विनायकराव' एवढे लिहिले, मग पुसले. पुन्हा लिहिले, पुन्हा पुसले. शेवटी त्यांनी त्या अकरा ओळी काढून टाकल्या आणि माझे नाव पुन्हा केरवा असे ठेवले. "सब ठीक हो जायेगा," असे स्वतःशीच पुटपुटले. यादीत केरवा दिसू लागला की आरोप आपोआप मिटेल, असा त्यांचा हिशेब होता. चूक झाकून दुरुस्त करणाऱ्याचा हिशेब नेहमी एवढाच लांब जातो.

मंगळवारी सकाळी काका आले. त्यांना माझ्याकडे पाहायचे नव्हते, पण सवयीने नजर गेली. ते थबकले. मग चार महिन्यांनी प्रथमच स्टूल ओढून बसले. "के. ई. आर." ते थांबले. "डब्ल्यू. ए."

ते धावत, दुखऱ्या गुडघ्यांनी खरेच धावत, प्रमिलाताईंच्या घरी गेले. परत येताना ताई बरोबर होत्या. "ताई, पाहा न! मले पुन्हा वाचता येऊन राहिलं! गेलं नव्हतं ताई, आलं परत." ताईंनी माझा पडदा पाहिला. केरवा. त्यांनी काकांकडे पाहिले. त्या नजरेत काल नसलेला संशय आज आला होता. काका आनंदात होते, त्यांना तो दिसला नाही. त्यांनी वहीत 'केरवा' लिहिले. चार महिन्यांत पहिल्यांदा पाहून लिहिले.

गुरुवारी विनायकराव नवी यादी घेऊन आले.

"मंगळवारपासून केरवा हजर," ते म्हणाले. "सोमवारी मी मुदत दिली आणि मंगळवारी केरवा परत! कुठून आणलात भोयर?"

"साहेब, तो कुठं गेलाच नव्हता."

"पुरे. घाबरून परत आणून ठेवलात, एवढं तरी बरं केलंत."

काकांनी प्रमिलाताईंकडे पाहिले. ताई खिडकीबाहेर सागाच्या झाडाकडे पाहत होत्या. जितेंद्र सरांकडे काकांनी पाहिले नाही. सर दिसत होते, समोरच होते, पण काकांच्या मनात त्यांचा विचारही आला नाही. अकरा ओळी असू शकतात, हे ज्याला कोणी सांगितलेच नाही, तो त्या कुठे शोधणार? सर मुलांना शिकवत होते. मोठ्याने शिकवत होते.

माझ्या पोटात, मित्रांनो, सगळे लिहिलेले होते. कोणत्या दिवशी माझे नाव काय होते, कधी बदलले, कोणाच्या परवानगीने बदलले, याची एकेक नोंद माझ्यात आजही आहे. दोन मिनिटांचे काम होते. विनायकरावांनी यादीला विचारले, वहीला विचारले, माझ्या पाठीला विचारले. मला कोणी विचारले नाही.

शनिवारी काकांनी खोली रिकामी केली. एक ट्रंक, एक वळकटी आणि एक पाटी. पाटी त्यांनी दाराशीच ठेवली, नेली नाही. किल्ल्यांचा जुडगा विनायकरावांच्या टेबलावर ठेवला. लिहिलेल्या चिठ्ठ्या त्यांनी सगळ्या काढल्या होत्या आणि प्रत्येक किल्लीला पुन्हा दोरा बांधला होता. लाल, हिरवा, पिवळा.

विनायकरावांनी राजीनाम्याचा कागद पुढे सरकवला, त्यावर पेन ठेवले. "वाचून सही करा."

काकांनी कागद वाचला नाही. पेन उचलून बाजूला ठेवले. मग डावा हात पुढे केला.

"शाईची डबी हाये का, साहेब?"

"शाई कशाला? सही करा. तुम्हांला येते."

"नाही येत," काका म्हणाले. "मी लिहिलेलं खोटं निघते."

डबी शोधायला वेळ लागला. साक्षरता वर्गाच्या केंद्रात शाईची डबी कोण ठेवणार? शेवटी शिक्का मारायची गादी सापडली. काकांनी अंगठा उठवला, फडक्याला पुसला. तेच फडके. मग माझ्याजवळ आले, माझ्या पेटीवरून आणि पाठीवरून एकदा हात फिरवला, आणि गेले. पाठीवर त्यांच्या अंगठ्याचा जांभळा डाग राहिला. दान क्रमांकाच्या जागी तो आजही आहे. पुसायला कोणी उरले नाही.

पुढचे थोडक्यात सांगतो. काका करोंदला एका धान्याच्या गोदामावर रखवालीला लागले, असे एका बाईने वर्गात सांगितले. प्रमिलाताईंनी नव्या बायकांना ती वही दाखवणे बंद केले. दिवाळीनंतर त्यांनी वर्गही सोडला. जितेंद्र सर इथेच आहेत आणि अजून चांगले शिकवतात. ते माझ्या खोलीत कधी येत नाहीत. मला "संशयित यंत्र" म्हणून वापरातून काढले आणि काकांच्या रिकाम्या खोलीत आणून ठेवले. आणि पुन्हा असा घोटाळा होऊ नये म्हणून कार्यालयाने दाराशी हजेरीचे नवे यंत्र बसवले. त्यावर बोट ठेवावे लागते. आता विनायकराव आले की अंगठा लावतात. जितेंद्र सर अंगठा लावतात. सगळे शिकलेले लोक रोज सकाळी रांगेत उभे राहून अंगठा लावतात.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या यंत्राची काळजी घ्या, असे मी सांगणार नाही. माझी काळजी एकाने फार घेतली, आणि तीच त्याच्याविरुद्ध पुरावा झाली. माझे मागणे वेगळे आहे. तुम्ही मोठे व्हाल, हुशार व्हाल, अकरा ओळींत कशाचे तरी नाव बदलाल. बदला. पण ते नाव रोज सकाळी वाचणारा कोण आहे, हे आधी पाहा. तो झाडू घेऊन उभा असेल तर झाडू खाली ठेवायला लावून त्याला सांगा. आणि तुमच्या चुकीपायी दुसरा कोणी आरोपी म्हणून उभा राहिला, तर चूक गुपचूप पुसू नका. तोंडाने बोला. तोंड तुम्हांला आहे. मला नव्हते.

या खोलीच्या भिंतीवर, वळकटी ठेवायच्या जागेच्या वर, काकांनी खडूने बाराखडी लिहिलेली आहे. ठ जरा मोठा झाला आहे. तिच्याखाली आमची पाच नावे इंग्रजीत आहेत, आणि सगळ्यांत वर माझे. येत्या महिन्यात भिंतींना रंग द्यायचा असे काल दोन माणसे बोलत होती. त्याआधी कोणीतरी या खोलीचे दार उघडावे आणि ती भिंत नुसती वाचावी. पाचही नावे बरोबर आहेत.